बांध बुजला तरी मीठ राहते: अवकाश मालिकांतली पात्रे आपली दुःखे का विसरतात?

गेल्या श्रावणात पणजीला कॉलेजात शिकणारी माझी भाची चार-पाच दिवस आमच्याकडे डिचोलीला राहायला आली होती. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, म्हणून रात्रीची जेवणे उरकली की आम्ही दोघी ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ ही जुनी अवकाश मालिका लावून बसत असू. एका रात्री तिने त्यातला ‘हार्ड टाइम’ हा १९९६ सालचा भाग पाहिला. अवकाशस्थानकाचा मुख्य तंत्रज्ञ माइल्स ओब्रायन याला एका परग्रहावर हेरगिरीच्या आरोपावरून शिक्षा होते. शिक्षा अशी की, अवघ्या काही तासांत त्याच्या मेंदूत वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी उतरवल्या जातात. बायकोच्या दृष्टीने तो नुकताच घराबाहेर पडलेला असतो, त्याच्या दृष्टीने मात्र वीस वर्षे उलटून गेलेली असतात. भागाच्या शेवटी तो स्वतःचा जीव घेण्याच्या टोकाला जाऊन, मित्राने अडवल्यामुळे मागे फिरतो.

भाची त्या रात्री फारसे बोलली नाही. पुढच्या दोन रात्रींत आणखी काही भाग पाहून झाले. ओब्रायन कामावर रुजू होता आणि नेहमीसारखा बोलत-वागत होता. शेवटी तिने विचारले, “मावशी, ह्याच्या त्या वीस वर्षांचं काय झालं?”

सरळ उत्तर असे की, काहीच झाले नाही. मालिका त्यानंतर आणखी तीन वर्षे चालली, ओब्रायन शेवटपर्यंत तिच्यात होता, पण त्या कैदेवर पुन्हा भाग झाला नाही. जुन्या मालिका आता एका बैठकीत चार-चार भाग पाहता येतात, आणि त्यामुळे हा प्रश्न हल्ली पुष्कळांना पडतो. पात्रावर डोंगर कोसळतो आणि पुढच्या भागात त्याच्या अंगावर धुळीचा कणही नसतो, असे का? याचे उत्तर लेखकांच्या निष्काळजीपणात शोधले, तर ते निम्मेच सापडते.

दर रात्री मरणारा संकासुर

टीव्ही मालिका ढोबळमानाने दोन प्रकारे रचतात. एका प्रकारात प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असतो. अडचण त्याच भागात उभी राहते आणि त्याच भागात सुटते. अशा मालिकेला ‘एपिसोडिक’ म्हणतात, आपण तिला सुट्या भागांची मालिका म्हणू. दुसऱ्या प्रकारात एकच कथा भागामागून भाग पुढे सरकते, ती सलग मालिका. आपल्या घरांत रोज संध्याकाळी लागणाऱ्या कौटुंबिक मालिका सलग असतात. अवकाश मालिका मात्र सुरुवातीची कित्येक वर्षे बहुतेक सुट्या भागांच्याच होत्या.

गोव्यातल्या वाचकाला हा पहिला प्रकार परका नाही. पेडण्याकडच्या जत्रांमध्ये ज्यांनी दशावतार पाहिला आहे, त्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. आड दशावतारात संकासुर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो, मग मुख्य आख्यान सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या रात्री तीच मंडळी दुसऱ्या गावच्या जत्रेला उभी असते, संकासुर पुन्हा जिवंत असतो आणि आख्यान नवे असते. काल अभिमन्यूच्या शोकात बुडालेला अर्जुन आज सुभद्राहरणाच्या तयारीत असतो. यात कोणालाही काही खटकत नाही, कारण प्रत्येक गाव आपापली एकच रात्र पाहते. आता समजा, एखादा रसिक त्या मंडळीच्या मागोमाग पंधरा दिवस गावोगाव फिरला, तर त्याला अर्जुनाचे हे विसरणे जाणवू लागेल. आजचा प्रेक्षक हा असा मंडळीमागे फिरणारा रसिक आहे. खेळ ज्यांच्यासाठी बसवले होते ते प्रेक्षक एकेका गावातले होते.

एकच माल पुन्हा पुन्हा विकण्याची सोय

हा विसर अमेरिकी टीव्हीच्या व्यवहाराला सोयीचा होता, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. मूळ ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ साली बंद पडली. तिला खरी लोकप्रियता मिळाली ती नंतर, १९७०च्या दशकात, जेव्हा ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांनी ते ७९ भाग विकत घेऊन पुन्हा पुन्हा दाखवले. या पुनर्विक्रीच्या पद्धतीला ‘सिंडिकेशन’ म्हणतात. बऱ्याच मालिकांचा खरा नफा पहिल्या प्रक्षेपणापेक्षा या पुनर्विक्रीतच असे.

भाग विकत घेणाऱ्या केंद्राला काय हवे असते? भाग कोणत्याही क्रमाने लावता यावेत, एखादा गाळला तरी चालावा, आणि ज्याने आधीचे काहीच पाहिलेले नाही त्यालाही पहिल्या पाच मिनिटांत सगळे कळावे. मूळ मालिकेचे पहिले प्रक्षेपणही चित्रीकरणाच्या क्रमाने झाले नव्हते, मालिका मंजूर व्हावी म्हणून आधी तयार केलेला नमुन्याचा भाग प्रेक्षकांना तिसऱ्या क्रमांकावर दिसला. शिवाय त्या काळात घरोघरी ध्वनिचित्रमुद्रक नव्हते, म्हणजे गेल्या आठवड्याचा भाग चुकला तर तो चुकलाच. आणि पटकथा लिहिणारे अनेक लेखक बाहेरचे असत, त्यांनी एकमेकांच्या पटकथा वाचलेल्या असतीलच असे नव्हते. या सगळ्याचा परिणाम म्हणून एक अलिखित नियम झाला: भाग संपताना सगळे जिथे होते तिथे परत यावे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा तशी ही क्रिया असल्यामुळे रसिक तिला ‘रीसेट’ म्हणतात.

या नियमाची किंमत मूळ मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याने लागोपाठच्या दोन आठवड्यांत मोजली. ६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झालेल्या भागात तो भूतकाळात जातो, इडिथ कीलर नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, आणि इतिहास बिघडू नये म्हणून तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या हातांनी धरून ठेवून तिला मरू देतो. पुढच्याच आठवड्यात, १३ एप्रिलच्या भागात, त्याचा सख्खा भाऊ आणि भावजय मरतात. दुसऱ्या पर्वात कर्क ताजातवाना खुर्चीत बसलेला आहे. सात दिवसांत प्रेयसी आणि भाऊ गमावलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आपण त्याचे काही चिन्ह शोधत राहतो.

घडलेली गोष्ट वेगळी, उरलेली गोष्ट वेगळी

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक चर्चा याच ठिकाणी घसरते. कथानकाचे परिणाम आणि भावनिक परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे आजोळ चोडण बेटावर. तिथली खाजन शेती म्हणजे समुद्रसपाटीच्या लगतची, खाडीच्या पाण्यापासून मातीच्या बांधाने राखलेली भातशेती. बांधात लाकडी दारे असतात, त्यांना आमच्याकडे ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. (याच शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ मन असा आहे, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे.) मी सहावीत असताना एका मोठ्या भरतीला आमच्या बांधाला खांड पडली आणि शेतात खारे पाणी घुसले. गावातल्या माणसांनी चिखल, पेंढा आणि दगड घालून ती खांड आठवड्याभरात बुजवली. वरून पाहणाऱ्याला सगळे पूर्ववत झाले होते. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी आजोबा शेतात उतरले, मातीचे एक ढेकूळ उचलून त्यांनी जिभेला लावले, थुंकले आणि म्हणाले, “अजून आहे.” मीठ मातीत मुरलेले होते. ते धुऊन जायला पावसाळ्यांमागून पावसाळे लागतात.

खांड पडणे ही घटना आणि बांध बुजवणे हा तिचा शेवट, एवढे कथानक झाले. मातीत राहिलेले मीठ हा भावनिक परिणाम. सुट्या भागांच्या मालिकेला बांध त्याच भागात बुजवावा लागतो, ती तिच्या रचनेचीच अट आहे. पण मिठाची चव पुढच्या भागात लागूच नये, अशी अट रचनेत कुठेही नाही. ती सवयीने आत आली, आणि काही लेखकांनी ती मोडून दाखवली.

पिकार्डचा चिखल आणि पिकार्डची बासरी

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात आली. ती पहिल्यापासूनच थेट स्थानिक केंद्रांना विकली जात होती, त्यामुळे सुट्या भागांचा दंडक तिला अधिकच लागू होता. १९९० साली तिच्या दोन भागांच्या एका कथेत कॅप्टन पिकार्डला बोर्ग पकडतात. बोर्ग हे अर्धे जीव, अर्धे यंत्र आणि सगळे मिळून एकच मन असलेले सैन्य आहे. ते पिकार्डच्या शरीरात यंत्रे घुसवतात आणि त्याच्याच तोंडून, त्याच्याच डोक्यातले ज्ञान वापरून, त्याच्या स्वतःच्या लोकांवर हल्ला करवतात. ३९ जहाजे नष्ट होतात. मग सहकारी त्याची सुटका करतात, यंत्रे काढली जातात आणि बांध बुजतो.

पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबर १९९० रोजी, ‘फॅमिली’ हा भाग आला. त्यात परग्रह नाही, शत्रू नाही, जहाजाच्या नियंत्रणकक्षातला एकही प्रसंग नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, द्राक्षमळा सांभाळणाऱ्या थोरल्या भावाकडे जातो. दोघांचे लहानपणापासून पटत नाही. शब्दाने शब्द वाढतो, मळ्यातच हातघाई होते, दोघे चिखलात लोळतात, आधी हसतात, आणि हसता हसता पिकार्ड रडू लागतो. त्यांनी माझे सर्वस्व काढून घेतले आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही, असे तो सांगतो. भाऊ त्याची समजूत घालत नाही. हे ओझे पुष्कळ काळ तुझ्याबरोबर राहणार, ते इथे पृथ्वीवर वाहायचे की वर आपल्या जहाजावर, एवढेच तू ठरवू शकतोस, अशा अर्थाचे तो बोलतो. पिकार्ड जहाजावर परत जातो. चिखलाने माखलेला, रडणारा कॅप्टन एकदा पाहिल्यावर पुढे बोर्गांचे नाव निघाले की पिकार्डचा आवाज का बदलतो, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. १९९६ सालच्या चित्रपटात तो संताप पुन्हा उसळून येतो.

दुसरे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. १९९२ सालच्या ‘द इनर लाइट’ या भागात एका अनोळखी यानाच्या किरणामुळे पिकार्ड सुमारे पंचवीस मिनिटे बेशुद्ध पडतो, आणि तेवढ्या वेळात तो कामिन नावाच्या माणसाचे चाळीसएक वर्षांचे आयुष्य जगतो. लग्न, मुलगी, मुलगा, जिवलग मित्राचा मृत्यू, बायकोचा मृत्यू, दुष्काळाने सुकत जाणारे गाव, मांडीवरचे नातवंड हे सगळे त्याच्या वाट्याला येते. शुद्धीवर आल्यावर कळते की, तो ग्रह आपल्याच सूर्याच्या स्फोटात एक हजार वर्षांपूर्वी नष्ट झाला. त्या लोकांनी कोणीतरी आपली आठवण ठेवावी म्हणून ते यान सोडले होते. यानात एक लहानशी बासरी सापडते, कामिन वाजवायला शिकला होता तीच. शेवटच्या दृश्यात पिकार्ड खिडकीशी एकटा उभा राहून ती वाजवतो.

या भागाला १९९३ साली विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण पुढच्या भागांचे काय? चाळीस वर्षे संसार केलेला माणूस दुसऱ्या दिवशी जहाज चालवू शकेल का, हा प्रश्न मालिकेने पुरता सोडवला नाही, आणि तो दोष मी मान्य करते. मात्र वर्षभराने, १९९३ सालच्या ‘लेसन्स’ या भागात, पिकार्ड एका सहकारी स्त्रीपाशी मन मोकळे करतो तेव्हा तो ती बासरी बाहेर काढतो आणि तिचे मोल तिला सांगतो. लेखकांनी एक वस्तू निवडली, जी शब्दांवाचून सगळे धरून ठेवू शकते. ज्याने पहिला भाग पाहिला नाही त्याला ती एक बासरी आहे, ज्याने पाहिला आहे त्याच्या घशात आवंढा येतो. चित्रीकरणातली ती बासरी २००६ साली लिलावात ४८,००० डॉलरना गेली. ती वाजतही नाही.

पाय बरा झाला, पण माणूस लंगडतो

मानसशास्त्रात या विषयाला नाव मिळाले ते तसे अलीकडे. युद्ध, अत्याचार, अपघात यांच्यानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाला ‘आघातोत्तर ताण विकार’ हे स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली स्थान मिळाले. म्हणजे कर्कच्या आणि पिकार्डच्या मधल्या काळात समाजाची दृष्टीच बदलली होती. या विकाराच्या खुणा सोप्या शब्दांत सांगता येतात: नको असलेल्या आठवणी आपोआप उफाळणे, त्यांची आठवण देणारी माणसे आणि ठिकाणे टाळणे, स्वतःविषयी आणि जगाविषयी मन काळवंडणे, आणि सतत दचकत, सावध राहणे.

आता ओब्रायनचा भाग पुन्हा आठवून पाहावा. तो पलंगावर झोपू शकत नाही, जमिनीवर झोपतो. ताटातला घास रुमालात बांधून बाजूला ठेवतो. समुपदेशकाकडे जाणे टाळतो. लहान मुलीवर खेकसतो आणि आपण तिला मारले असते या जाणिवेने हादरतो. आणि सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट दडलेली असते. तुरुंगातल्या सोबत्याने अन्न लपवून ठेवले, असे समजून त्याने त्याला मारून टाकलेले असते, आणि नंतर दिसते की ते अन्न दोघांसाठी राखलेले होते. हा सोबती कधी अस्तित्वातच नव्हता. तरीही अपराध खरा आहे, कारण आपण असे करू शकतो हे ओब्रायनला आता ठाऊक झाले आहे. मला वाटते, विज्ञानकथेची ताकद ती हीच. घटना पूर्णपणे पुसून टाकून केवळ तिचा परिणाम समोर ठेवणे दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराला इतके सहज जमत नाही.

त्याच मालिकेने १९९८ साली हे काम अधिक पक्के केले. नॉग नावाचा उमदा तरुण अधिकारी लढाईत पाय गमावतो. त्याला उत्तम कृत्रिम पाय बसवला जातो, डॉक्टर म्हणतात की पायात काही दोष नाही, आणि तरीही नॉग काठी टेकत लंगडतो. पुढे एक अख्खा भाग केवळ त्याच्यावर आहे. तो एका आभासी नाइट क्लबमध्ये, आभासी गायकाच्या सोबतीने राहू लागतो आणि बाहेर यायला नकार देतो. बाहेरच्या जगात आपण मरू शकतो, एवढे त्याला एकाच दिवसात कळून चुकलेले असते.

मालिकेचा नायक सिस्को याच्या बाबतीत तर हा विषय १९९३ सालच्या पहिल्याच भागात आला होता. पिकार्डच्या तोंडून बोर्गांनी जो हल्ला केला, त्यात सिस्कोची बायको मेली. म्हणजे एका मालिकेत पडलेल्या खांडीचे मीठ दुसऱ्या मालिकेच्या शेतात निघाले. सिस्कोची गाठ अशा जीवांशी पडते ज्यांना काळ ही गोष्टच ठाऊक नाही. माणसासाठी काल गेला तो गेला, असे तो त्यांना समजावतो. ते मात्र त्याला पुन्हा पुन्हा त्या जळत्या जहाजावर आणून उभे करतात. तो चिडून विचारतो की मला इथे का आणता, तेव्हा उत्तर मिळते की आम्ही आणत नाही, तू इथेच राहतोस.

मग सगळ्याच मालिका सलग का करू नयेत?

हा आक्षेप बरोबर दिशेने जातो, आणि तसे प्रयत्नही झाले. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेची कथा पाच वर्षांचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून रचली होती. ११० पैकी ९२ भाग जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की या एकाच लेखकाने लिहिले, त्यामुळे कोणी कोणाचे विसरण्याचा प्रश्न कमी झाला. २००४ साली सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त मानवजातीचा संहार होऊन जेमतेम पन्नास हजार माणसे उरतात, आणि राष्ट्राध्यक्षा फळ्यावर तो आकडा स्वतःच्या हाताने पुसून कमी करत राहतात. प्रत्येक भागाची शिल्लक पुढच्या भागात जाते. ‘फॅमिली’ लिहिणारे रोनाल्ड मूर हेच या मालिकेचे सूत्रधार होते, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

परंतु सलग कथेचीही स्वतःची अडचण असते. तिच्यात घटना इतक्या दाटीने येतात की, पात्राला दुःख करायला वेळच उरत नाही. आजचा घाव कालच्या घावाला झाकतो. सुट्या भागात एकाच माणसाजवळ पाऊण तास शांत बसता येते. नॉगचा आणि पिकार्डच्या मळ्याचा भाग हे याच मोकळेपणातून आले. म्हणून हा प्रश्न रचनेने सुटत नाही, लेखकाने काय जपायचे ठरवले त्यावर तो अवलंबून आहे.

चोविसाव्या शतकातली माणसे आपल्यासारखी दुःख करतील का?

हा आक्षेप खुद्द ‘स्टार ट्रेक’च्या जन्मदात्याकडून आला, त्यामुळे तो हलका समजू नये. जीन रॉडनबेरी यांची भविष्याची कल्पना अशी होती की, माणूस तोपर्यंत आतून सुधारलेला असेल. १९८९ साली मूर यांची पहिली पटकथा ‘द बाँडिंग’ पडद्यावर आली. त्यात आईच्या मृत्यूनंतर एकटा पडलेला मुलगा आहे. त्या काळातले मूल मृत्यू स्वीकारेल, असा रॉडनबेरी यांचा आक्षेप होता. लेखकांनी तो आक्षेपच कथेत वापरला. मुलगा रडत नाही, शहाण्यासारखा वागतो, आणि हे न रडणे हीच कथेतली अडचण ठरते.

माझे मत असे की, सुधारलेल्या माणसाची ओळख दुःख न होण्यात शोधणे चुकीचे आहे. शोकाला जागा आणि वेळ देणारा समाज अधिक सुधारलेला. आपल्याकडे तेरा दिवसांचे सुतक पाळतात, शेजारपाजारची माणसे येऊन नुसती बसतात, चुलीवर दुसऱ्या घरचे भांडे येते. त्या प्रथेत जाचक भाग पुष्कळ आहे, तरी घरातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामाला जुंपायचे नसते एवढी समज तिच्यात आहे. कर्कला एक दिवसाचेही सुतक मिळाले नाही.

कथेनेच घटना पुसली तर?

विज्ञानकथेत विसराची आणखी एक जात असते आणि ती वरच्या विसरापासून वेगळी ओळखायला हवी. काळात मागे जाऊन घटना घडण्याआधीच टाळली जाते, आणि मग दुःखाला कारणच उरत नाही. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ मालिकेतल्या १९९७ सालच्या ‘इयर ऑफ हेल’ या दोन भागांत जहाज वर्षभर भाजून निघते, माणसे मरतात, आणि शेवटी काळ बदलून ते वर्षच नाहीसे होते. मूळ घरापासून कित्येक दशकांच्या अंतरावर अडकलेल्या त्या जहाजाची कथा परिणामांनी भरून निघायला हवी होती, म्हणून ही पळवाट मला आजही जिव्हारी लागते.

पण हेच साधन उलट्या दिशेने वापरता येते. २०२२ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही मालिका ठरवून पुन्हा सुट्या भागांकडे वळली, म्हणून ती या विषयात फार महत्त्वाची आहे. तिच्या २०२३ सालच्या एका भागात ला’आन ही अधिकारी दुसऱ्याच काळातल्या कर्कबरोबर भूतकाळात जाते, त्याच्यावर जीव जडतो, आणि तो तिच्यासमोर मरतो. काळ पूर्ववत होतो. आता तो कर्क कधी झालाच नाही, आणि हे कोणाला सांगण्याचीही तिला बंदी आहे. ती तिच्या काळातल्या जिवंत कर्कला काहीतरी निमित्ताने फोन लावते. तो तिला ओळखत नाही, सौजन्याने बोलतो. संभाषण संपल्यावर ती एकटी रडते. त्याच पर्वात, काही भागांनंतर, ती त्याला ते सांगते. मधल्या भागांच्या स्वतंत्र कथांना यामुळे कुठेही बाधा येत नाही.

याच मालिकेतला कॅप्टन पाइक पुढे आपल्याला अपघात होऊन शरीर निकामी होणार, हे आधीच जाणतो. अपघातात ज्या प्रशिक्षणार्थींना तो वाचवणार आहे, ती आज लहान मुले आहेत. त्यांची नावे तो एकेक करून उच्चारतो. दर आठवड्याचे साहस वेगळे असले, तरी त्या नावांचे ओझे त्याच्या खांद्यावर कायम असते.

करमणुकीच्या मालिकेकडून एवढी अपेक्षा कशाला?

दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी दुसऱ्याचे दुःख का पाहावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. सुट्या भागाचा दिलासा मी कमी लेखत नाही. सगळे ठीक झाले, आता झोपा, असे सांगणारी गोष्ट प्रत्येकाला कधी ना कधी लागते. परंतु ज्यांच्यावर खरोखर काही ओढवले आहे, असे प्रेक्षकही ती मालिका पाहत असतात. अपघातातून उठलेल्या, घरातले माणूस गमावलेल्या, कामावर परतलेल्या माणसाला आजूबाजूचे लोक पंधरा दिवसांत विचारू लागतात, “अजून तेच का?” पडद्यावरचा शूर माणूस दर आठवड्याला कोरा होऊन उभा राहिला, तर तो प्रश्न विचारणाऱ्यांची बाजू बळकट होते. पिकार्ड चिखलात रडला आणि तरीही कॅप्टन राहिला, हे पाहिलेल्या प्रेक्षकाला निदान एक दुसरे उदाहरण मिळते.

यासाठी फार खर्च येत नाही. एक बासरी पुरते. एखाद्याच्या नावाने क्षणभर अडखळलेला आवाज पुरतो, टाळलेली खोली पुरते. ओब्रायनसाठी पुढच्या तीन वर्षांत एवढे एखादे चिन्ह लेखकांनी ठेवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

भाचीला हे सगळे मी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. ती परत जायच्या आदल्या रात्री तिने ‘हार्ड टाइम’ पुन्हा लावला आणि तो ताटातला घास रुमालात बांधून ठेवतो, तिथे थांबवला.

“हे तो पुढेही करत असेल ना, मावशी? दाखवलं नसलं तरी?”

“करत असेल,” मी म्हटले.

नंतरचे दोन भाग आम्ही त्याच्या ताटाकडे बघत पाहिले.